आमिषपंडित

मिनेसोटाच्या सरकारी हिशेबात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी ११,८४२ भरतात. आमिषपंडित बहुधा त्या हिशेबात न बसलेल्या तळ्यावर सापडतो. पाणी कमरेएवढं, आत पाणगवत गच्च, वर लिलीची पानं. गवतात लार्जमाऊथ बास मासा दबा धरून बसलेला, आणि काठावर पंडित.

नोकरी आयटीत, महाराष्ट्र मंडळात गणपतीची आरास याच्याकडे, आणि घरात कांदासुद्धा बेताचाच. पकडलेल्या माशाला ओठाशी धरून फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. ‘‘आम्ही खात नाही हो, नुसता पकडतो,’’ हे तो अशा सात्त्विक सुरात सांगतो, की माशाला सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला बोलावलं होतं असं वाटावं.

बासच्या खाण्यात काही नखरे नाहीत. बेडूक, क्रेफिश, लहान मासे, जमलंच तर बदकाचं पिल्लूही. सोवळं आहे ते पंडिताचं.

म्हणूनच नवशिक्याने त्याला ‘‘काका, कुठलं आमिष लावू?’’ असं विचारू नये. विचारलंच, तर तासाभराची निश्चिंती. आधी खणाखणांची पेटी उघडते. वर निघतो क्रँकबेट, म्हणजे नकली मासा. ‘‘हे बघ, तीन-तीन टोकांचे दोन गळ. इथे टाकलास तर मासा नाही, पालेभाजी निघेल.’’ मग आणला कशाला? ‘‘असावा एखादा.’’ खाली तसलेच आणखी सहा दिसत असतात.

मग रबरी गांडूळ. ‘‘याला टेक्सास रिग म्हणतात. पुढे टोकदार वजन लावायचं आणि गळाचं टोक परत गांडुळाच्या अंगात खुपसायचं. टोक उघडंच नाही, तर गवत अडकेल कशात? मासा चावला, तू हिसका दिलास, की टोक बाहेर!’’ शब्दन्‌शब्द खरा. इथे थांबला असता तर नवशिक्याचं भलं झालं असतं. पण रंग ठरायचा असतो. पाणी नितळ असेल तर ग्रीन पम्पकिन, गढूळ असेल तर काळा-निळा. ठरतं न ठरतं तोच ढग येतो आणि गांडूळ गळावरून उतरतं.

शेवटी पोकळ रबरी बेडूक. याच्या गळाची दोन्ही टोकं पाठीला चिकटलेली, त्यामुळे तो पानांवरून न अडकता सरकतो. दोरा मात्र जाड, विणलेला हवा, कारण गळाला लागलेला बास थेट गवतात घुसतो. ‘‘आणि पाणी उडालं की लगेच ओढू नकोस. हाताला वजन लागू दे.’’ हेही खरंच. आता प्रश्न पाठीवरच्या ठिपक्यांचा, पिवळे की तपकिरी? खालून माशाला बेडकाचं फक्त पोट दिसतं, हे पंडितानेच मघाशी सांगितलेलं असतं. तरीही निवड ठिपक्यांवर अडते. पिवळे ठरतात.

बेडूक पानांच्या कडेला पडतो. दोन हलके झटके, आणि पाणी फुटतं.

‘‘ओढ! ओढ!’’ पंडित किंचाळतो.

नवशिका ओढतो. बेडूक सणसणत येऊन पंडिताच्या टोपीत रुततो. बास केव्हाच पसार.

पंडित शांतपणे टोपी काढतो, बेडूक सोडवतो, पाठीवरून एकदा बोट फिरवतो. ‘‘तरी म्हटलं,’’ तो म्हणतो, ‘‘तपकिरी हवे होते.’’