ठाण्याहून लहान देश

ऐपत बेताची असली की देशही बेताचाच निवडावा, हा माझ्या युरोपवारीचा पहिला आणि एकमेव सिद्धांत. लोक उलटं करतात. आधी फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया अशी यादी करतात आणि मग पैसे पुरेनात म्हणून विमानतळावरचा चहा रद्द करतात. चहा रद्द करून कुणाचा युरोप झालेला नाही. रद्द करायचे ते देश. दिघाशीच्या आमच्या ओटीवर बसून मी एकेक देश रद्द करत गेलो आणि शेवटी उरला लक्झेंबर्ग.

क्षेत्रफळ 2,586 चौरस किलोमीटर. 2014 साली पालघर वेगळा काढून दिल्यावर आपल्या वाट्याला राहिलेला ठाणे जिल्हा 4,214. म्हणजे वाटणीनंतरच्या ठाण्यातही हा अख्खा देश मावेल आणि वर एखादा तालुका उरेल. वस्ती सात लाखांच्या आत. नुसत्या भिवंडी शहराची 2011 च्या जनगणनेत सात लाख नऊ हजारांवर गेली होती. तिथले ग्रँड ड्यूक आणि आमचे महापौर समोरासमोर बसले तर रयत आमच्याकडे जास्त भरेल.

मी भिवंडीत एका गोदामात आवक-जावक लिहितो. त्यामुळे वहीत दोन रकाने आखल्याशिवाय मला देवदर्शनही सुचत नाही. तशी वही आखून मी घरच्यांसमोर बसलो आणि हुकमाचं पान टाकलं, "या देशात बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट. पाहुण्यांनासुद्धा. 2020 पासून. पैसे फक्त पहिल्या वर्गाचे." (फुकट करून पंधरा दिवस होतात न होतात तोच करोनाने सगळ्या देशाला घरात बसवलं, हे मी सांगितलं नाही.)

टाळ्या पडतील अशी अपेक्षा होती. आत्या सुपारी कातरता कातरता म्हणाली, "मना एसटी फुकटच हाय की रं बाला. त्यासाठी एवढ्या लांब कशाला?"

खरंच होतं. पंचाहत्तरी उलटलेल्यांना महाराष्ट्राने 2022 पासून एसटी फुकट केली आहे, आणि आत्या तेव्हापासून घरात टिकत नाही. बायकोला 2023 पासून अर्धं तिकीट. अंबाडीहून भिवंडीला निघालं की खड्डे सगळ्यांना सारखे, पूर्ण पैसे मात्र आमच्या घरात मी एकटा मोजतो. लक्झेंबर्गच्या सरकारने जे काही केलं ते, थोडक्यात, माझ्या एकट्यासाठी केलं होतं.

"अहो, पण आपलं स्वित्झर्लंड ठरलं होतं ना?" बायको म्हणाली.

स्वित्झर्लंड आमच्या घरात 1995 पासून ठरलेलं आहे. त्या साली शाहरुख आणि काजोलची गाडी तिथल्या कुठल्याशा स्टेशनावर चुकली, आणि ती चुकल्याची वसुली माझ्याकडून चालू आहे. इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळाही उभा केलाय म्हणतात. का नाही करणार? माणसाने केवढं गिऱ्हाईक मिळवून दिलं! पण इंटरलाकेनहून वर युंगफ्राऊयोखला, 3,454 मीटरवर, रेल्वेने जाऊन यायचं तर माणशी दोनशे फ्रँकच्या वर मोजावे लागतात. मी वहीत आकडा मांडला, चारने गुणला, आणि वही बायकोकडे सरकवली. तिने ती तशीच परत सरकवली.

मग मी दुसरं पान टाकलं. लक्झेंबर्गच्या पूर्वेला म्युलरताल म्हणून भाग आहे. झाडी, ओढे, माणसाने अंग चोरून जावं अशा खडकांच्या कपारी. त्या भागाला तिथले लोकच 'छोटं स्वित्झर्लंड' म्हणतात.

"बर्फ आहे?"

"मे महिन्यात नाही."

"डोंगर?"

"टेकड्या म्हणता येतील."

"मग माहुलीला जाऊ," असं म्हणून ती भात लावायला उठली.

मुलगी मात्र माझ्या बाजूने होती, कारण तिला कुठल्याही देशाचे फोटो चालणार होते. आम्ही दोघांनी मिळून मार्ग शोधला. त्याचा मला अजून अभिमान वाटतो. मुंबईहून थेट लक्झेंबर्गला विमान नाही. फ्रँकफर्टला उतरायचं, रेल्वेने ट्रीअरला यायचं आणि तिथून मोझेल नदीच्या काठाने जाणाऱ्या गाडीने पेर्लला. पेर्ल हे जर्मनीतलं टोकाचं गाव. तिथे उतरून सामान ओढत पूल ओलांडला की पलीकडे लक्झेंबर्ग, म्हणजे पुढचं सगळं फुकट. एका देशाचं तिकीट जिथे संपतं तिथून दुसऱ्याची फुकटेगिरी सुरू, मध्ये एका युरोची गळती नाही.

आणि पुलापलीकडचं गाव कुठलं? शेंगेन. ज्याच्या नावाने व्हिसा मिळतो ते शेंगेन हे मोझेलच्या काठावरचं एवढंसं खेडं आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग असे तीन देश तिथे एकमेकांना भिडतात. 14 जून 1985 ला पाच देशांची माणसं तिथे नदीत एका बोटीवर बसली आणि आपसातल्या हद्दीवरची तपासणी काढून टाकायच्या करारावर सह्या करून मोकळी झाली. पाच देश! आमचा आणि चुलत्याचा वीतभर बांधाचा वाद त्याच्याही आधीपासून चालू आहे. आम्हालाही कुणीतरी बोटीवर बसवायला हवं होतं.

हद्दी मोडल्या, पण त्या मोडलेल्या हद्दीत शिरायचा खर्च मोठा. व्हिसा माणशी 90 युरो, 2024 च्या जूनपासून. त्याआधी 80 होते. युरोला मी सरळ शंभर रुपये धरतो, गुणाकार सोपा जातो आणि दुःख लवकर कळतं. शिवाय 30,000 युरोंचा विमा, बँकेचे उतारे, आयकराची विवरणं, आणि सगळ्यांत कठीण म्हणजे तुम्ही परत याल याची खात्री पटवणारा पुरावा. मी सातबारा जोडायचं ठरवलं. भाषांतर करणाऱ्याने तो पाहिला, सहहिस्सेदारांची नावं मोजली आणि दर ओळीप्रमाणे सांगितला. सोबतच्या पत्रात मी लिहिलंय की राब भाजून ठेवलेले आहेत, मृगाच्या आत पेरणीला हजर राहणं भाग आहे, आणि अर्जदार न आल्यास बांध चुलत्याच्या घशात जाईल. याहून सबळ कारण परत येण्यासाठी कुठल्या माणसाकडे असेल, मला माहीत नाही.

आत्याला पटवायचं काम लक्झेंबर्गमधल्या एश्टरनाखने केलं. त्या गावात पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी संत विलिब्रॉर्डच्या समाधीला मिरवणूक निघते. माणसं पांढऱ्या रुमालांची टोकं धरून ओळी करतात आणि एकाच चालीवर उड्या मारत जातात. युनेस्कोने 2010 साली आपल्या वारसा यादीत घेतलीय. मुलीने मोबाईलवर दाखवली. आत्या बराच वेळ बघत होती. "पाय बरोबर पडतात," ती म्हणाली, "पण टाळ नाय. टाळ नेऊ आपण." एश्टरनाखलाच यूथ हॉस्टेल आहे, वयाची अट नाही, सकाळची न्याहारी भाड्यातच. एकावर एक पलंग असतात. आत्याने वरचा मागितला.

जेवणाचा प्रश्न मात्र युरोपीय संघाने अनपेक्षितपणे सोडवला. बाहेरून येणाऱ्याला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप बाद. मटणही बाद. फळांना दाखला लागतो, पण नारळ आणि केळ्याला माफी. आणि मासळी? माणशी वीस किलोपर्यंत खुशाल आणा! मी दोनदा वाचलं. ज्यांनी हा नियम केला त्यांनी सुक्या बोंबलाचा वास घेतलेला नसावा. आमच्या चौघांचे मिळून ऐंशी किलो बोंबील कायद्याने लक्झेंबर्गमध्ये शिरू शकतात. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात ते भाजल्यावर त्या देशाचं धोरण बदलेल, पण तोवर आम्ही परत आलेलो असू.

नारळाला माफी आहे हे ऐकून आत्याने लगेच वज्रेश्वरीला नवस बोलून टाकला. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी याच देवीला नवस केला आणि 1739 साली पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, अशी आमच्याकडे सांगी आहे. म्हणजे युरोपच्या कामात देवीला आधीचा अनुभव आहे. माझी एक भाबडी कल्पना होती की तिथल्या मोंडोर्फच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आत्याला न्यावं. "तिकीट हाय?" तिने विचारलं. आहे म्हटल्यावर, अकलोलीच्या कुंडांशेजारी जन्म गेलेल्या बाईने जी नजर टाकली, ती पाहून मी मोंडोर्फवर काट मारली.

असा सगळा हिशेब बसला. खर्चाच्या रकान्यात प्रवासापुढे, पेर्लच्या पुलानंतर, ओळीने शून्यं. मी ती शून्यं बायकोला दाखवली. तिने प्रथमच वही नीट हातात घेतली, नकाशाही मागितला, आणि लक्झेंबर्गवरून बोट खाली आणत स्वित्झर्लंडातल्या बासेलवर ठेवलं.

"इथपर्यंत रेल्वे जाते?"

"जाते. पण हद्द ओलांडली की तिकीट लागतं."

"लागू दे. इकडे एवढं फुकट फिरून वाचलेले पैसे आहेत ना?"

वाचलेले पैसे ही काही जमा नव्हे, हे तिला समजावायला मी तोंड उघडलं. तोवर तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं होतं, जमेच्या कोऱ्या रकान्यात 'बचत' लिहून त्यापुढे भलाथोरला आकडा टाकला होता, आणि खर्चाच्या बाजूला शेवटच्या शून्याखाली लिहायला घेतलं होतं: युंगफ्राऊ, माणसं चार.