पद्मिनी पाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुनी फियाट घ्यावीशी वाटणे हे पन्नाशीचे लक्षण आहे. आधी चष्मा, मग गुडघा आणि मग फियाट, असा क्रम असतो. गुडघ्याला तेल लावता येते. फियाटच्या इच्छेवर औषध नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

प्रथम कोणती फियाट हवी ते ठरवा. 1954 च्या सुमारास आली ती ‘डुक्कर फियाट’. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. नऊवारीत उतरायला फार सोयीचे. चालत्या गाडीत दार उघडले तर मात्र त्याचा पंख होई. ती आता संग्रहालयाच्या भावाने मिळते, तेव्हा नाद सोडा. मग आली डिलाइट, आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या कंपनीने कुर्ल्यात या इटालियन लेकीला चितोडच्या राणीचे नाव लावले, तरी आपण तिला फियाटच म्हणत राहिलो. सासरी नाव बदलले म्हणून माहेरची हाक बदलते थोडीच?

गाडी बघण्याआधी मिस्त्री बघावा. वय साठीच्या पुढे. स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून जो डोळे मिटतो, तो खरा. ज्याच्या गॅरेजात लॅपटॉप दिसेल त्याच्या दारात उभेही राहू नये. मिस्त्री ‘इंजिन टकाटक आहे’ म्हणाला, तर इंजिन सोडून सगळे बदलायचे आहे असे समजावे.

गाडी चालू करण्याचा विधी सकाळी, अंघोळीनंतर. चोक पूर्ण ओढावा, दोनदा पॅडल दाबावे, सेल्फ मारावा. इंजिन 1089 सीसीचे असले तरी खोकते ट्रकसारखे. इथे घाईने रेस देणारा माणूस फसतो; पेट्रोल ओव्हर होते आणि वास घरात जातो. अशा वेळी दहा मिनिटे गाडीकडे न बघता चहा घ्यावा. चालू झाल्यावर चोक आत ढकलायचे विसरू नये. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढची सीट सलग. म्हणून पुढे तिघे कायदेशीर आणि मांडीवरचे वेगळे. एसी म्हणजे दारावरची तिकोनी काच. ती बाहेर वळवली की वारा थेट तोंडावर. मात्र काचेची कडी शाबूत हवी, नाहीतर साताऱ्यापर्यंत एका हाताने ती धरून बसावे लागते. आमच्याकडे हे काम आईकडे होते.

खंबाटकीचा घाट आला की ओले फडके तयार ठेवावे. उन्हात इंजिन तापले की नळीतले पेट्रोल उकळते, पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी हुंदका देऊन थांबते. फडके पंपावर ठेवावे, पाणी शिंपडत राहावे. ताप उतरायला वीस मिनिटे. तेवढ्यात शेंगा खाव्यात.

आता मुख्य विषय, धक्का. वडील स्टिअरिंगवर, चावी चालू, क्लच दाबलेला, गिअर सेकंड. मागे आम्ही दोघे भाऊ. कुणी न बोलावता वरच्या मजल्यावरचे तात्या बनियनवर उतरत. दूधवाला सायकल लावी. डिकीचा पत्रा तळहाताला चटका देई. ‘सोड!’ म्हणून ओरडलो की वडील क्लच सोडत, गाडी गचका खाऊन पेटे आणि सगळा धूर आमच्या तोंडावर. वडिलांना थांबता येत नसे. थांबले तर बंद पडेल. म्हणून आभार खिडकीतून नुसता हात काढून मानायचे. माझ्या आठवणीत या गाडीची पाठच जास्त आहे, पुढून ती मी फारशी पाहिलेलीच नाही. म्हणून सांगतो, पार्किंगच्या आधी माणसे मोजा. चार हवीत. आमच्या सोसायटीत एकशेवीस फ्लॅट आहेत, गाडी अडली की बरेच जण गॅलरीत येतात. खाली वॉचमन एकटाच येतो, आणि तो उताराकडून ढकलतो.

कायद्याचे थोडक्यात. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 20,000 रुपये भरून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. फियाटवाल्यांना हे जाचक वाटायचे कारण नाही. रोज ती तशीही येत नसे. टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तेव्हा हळहळलेले बहुतेक लोक एसी टॅक्सीतून घरी गेले. मीही.

एक विनंती. 1984 च्या पद्मिनीच्या डाव्या तिकोनी काचेची कडी मला हवी आहे. जुन्या बाजारात तीन रविवार घालवूनही मिळालेली नाही. कुणाकडे असल्यास येत्या रविवारी सकाळी आठला घेऊन यावे. येताना सोबत आणखी दोघांना आणावे. गाडी बाहेर काढायची आहे.