एकवीस मोदक, एकवीस किलोमीटर

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला कोथरूडमधल्या एका मैदानाबाहेर बारा माणसं जमली आणि पहिली दहा मिनिटं कोणीच धावलं नाही. आदल्या दिवशी किती मोदक खाल्ले, हे खरं सांगायचं की नाही, यावर एकमत होत नव्हतं. नैवेद्याचे मोदक एकवीस. दोन आठवड्यांवर आलेल्या साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनचे किलोमीटरही एकवीसच. मंडळातल्या सीएंनी उभ्या उभ्या ताळेबंद मांडला. एका मोदकाला एक किलोमीटर, म्हणजे जमा-खर्च बरोबर.

"हाफ एकवीस नसते हो, २१.०९७५ असते," निवृत्त हेडमास्तर म्हणाले. त्यांना सगळे 'सर' म्हणतात.

"मग वरचे साडेसत्त्याण्णव मीटर?"

"ते तुपाचे," खानावळवाल्या ताई म्हणाल्या आणि धावायला लागल्या. त्या धावल्या म्हणून बाकीच्यांना धावावं लागलं.

या बारा जणांच्या ग्रुपला नाव आहे, टी-शर्ट आहे, टी-शर्टाच्या रंगावरून झालेल्या भांडणाचा इतिहास आहे. फूट मात्र अजून पडलेली नाही, ही पुण्यातल्या संस्थेच्या मानाने मोठीच गोष्ट. सर सदुसष्ट वर्षांचे. डॉक्टरबाई दातांच्या, त्यामुळे गुडघा कोणाचाही दुखला तरी त्यांना विचारतात आणि त्याही सांगतात. आयटीतला मुलगा बावीस हजारांचे बूट घालतो. त्या बुटांच्या तळव्यात कार्बनची पट्टी असते आणि ती पाय पुढे ढकलते, असं तो म्हणतो. सीए धावतात कमी आणि घड्याळ बघतात जास्त. 'आजचा पेस सात-दहा' हे वाक्य ते 'आजचा सेन्सेक्स'च्या चालीवर म्हणतात. ताई साडेतीनला उठून कणीक मळतात, सव्वापाचला मैदानावर येतात, सातला परत जाऊन ऐंशी डबे भरतात. ग्रुपमध्ये सगळ्यात वेगवान त्याच. त्यांच्याकडे घड्याळ नाही.

शर्यतींचं वेळापत्रक ज्यांनी आखलं, त्यांच्या घरी भिंतीवर कालनिर्णय नसावं. पाऊस ओसरला आणि थंडी पडायला लागली की लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू होतात, हे हवामानाच्या दृष्टीने ठीकच आहे. पण सप्टेंबरात सातारा आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी १९८३ पासून चालत आलेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, या दोन टोकांच्या आगेमागे गणपती, गौरी, नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी येते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारातून सोळा आठवडे वजा केले, तर पूर्ण मॅरेथॉनची तयारी ऑगस्टच्या मध्याला, म्हणजे नारळीभाताच्या आसपास सुरू होते. तिथून पुढे एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात बुटाची नाडी. मुंबईकरांचं बरं आहे. त्यांची २००४ साली सुरू झालेली मॅरेथॉन जानेवारीत असते, तोवर फराळाचे डबे घासून फडताळात गेलेले असतात.

आकडेही मदतीला येत नाहीत. धावताना अंदाजे किलोमागे किलोमीटरला एक कॅलरी खर्च होते. म्हणजे सत्तर किलोच्या सीएंनी दहा किलोमीटर धावून साधारण सातशे कॅलरी जाळल्या. सीएंनी हा हिशोब घरी सांगितला तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी कौतुकाने आणखी एक पुरणपोळी वाढली आणि वर तुपाची धार सोडली. दमला असाल हो.

साताऱ्याला ग्रुप आदल्या दिवशी दोन गाड्यांतून गेला. पुण्याहून अंतर एकशे दहा किलोमीटर, त्यात दोनदा थांबून केळी. मुक्काम डॉक्टरबाईंच्या मावससासरी. उद्या पहाटे धावायचं आहे, हलकंच काही करा, असं फोनवर चारदा सांगून झालं होतं. हलकं म्हणून मावशींनी आमटी पातळ केली. जेवण झाल्यावर कंदी पेढ्यांचा पुडा आला. 'साताऱ्याला येऊन पेढा नको म्हणायचं?' या प्रश्नाला क्रीडाविज्ञानात उत्तर नाही.

साताऱ्याची शर्यत डोंगराची. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि आल्या वाटेने उतरायचं. २०१५ साली एकाच डोंगरावर अडीच हजारांहून जास्त माणसं एका शर्यतीत धावली, याची नोंद गिनेस बुकात झाली. त्याच रस्त्याने पुढे कासचं पठार लागतं. ते २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं आणि ऐन याच दिवसांत फुलतं. पण शर्यतीतल्या माणसाला फुलं दिसत नाहीत. त्याला पुढच्याची पाठ दिसते आणि त्या पाठीवरचा नंबर पाठ होतो.

आयटीतला मुलगा पहिल्या दोन किलोमीटरांत दिसेनासा झाला. चढाच्या चौथ्या वळणावर तो पुन्हा दिसला, चालताना. कार्बनची पट्टी सपाटीवर पुढे ढकलते, चढावर ती मालकाच्या भरवशावर असते. सर आपल्या संथ चालीने त्याच्याजवळ आले, शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि काही न बोलता पुढे गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला. धुक्यात एका वळणावर गावातल्या बायका टाळ्या वाजवत उभ्या होत्या. त्यांतली एक ताईंना ओरडून म्हणाली, "पळ गं, पळ, आपल्या ललितासारखी!" ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या होत्या. ताईंनी घाटात वेग वाढवला, हे सीएंच्या घड्याळात नोंदलं गेलं नाही, कारण सीए दीड किलोमीटर मागे होते.

चढ छातीचा कस बघतो, उतार मांड्यांचा. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीर सावरत असतो, त्यात त्याला बारीक बारीक इजा होते. तिचं बिल त्या दिवशी येत नाही. सोमवारी, मंगळवारी येतं. सोमवारी सकाळी सोसायटीच्या जिन्यावरून सर कठडा धरून उलटे उतरत होते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं, हा नवीन योगप्रकार आहे. गुरुवारपर्यंत तेही उलटे उतरायला लागले.

नवरात्रात ग्रुपची दोन गटांत विभागणी झाली, उपासवाले आणि बाकीचे. नऊ दिवस उपास आणि रविवारी अठरा किलोमीटर, हे कसं जमवायचं? पण उपासाचं मराठी ताट बघितलं की हा प्रश्न कोणी विचारू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, सोबत बटाटा, रताळं, केळं, वर शेंगदाण्याचा कूट. परदेशात माणसं शर्यतीआधी जे ठरवून, पुस्तकं वाचून खातात, ते आपल्याकडे आजी देवीच्या नावाने वाढते. त्या रविवारी उपासवाले पुढे आणि पोह्यांवर धावलेले मागे, असं पहिल्यांदाच झालं. ताईंचं म्हणणं इतकंच होतं की खिचडीत तूप होतं. पोह्यांत तेल.

ऑक्टोबर हीटने मात्र सगळ्यांना सारखंच वागवलं. लांब पल्ला दहा-बारा अंशांत चांगला धावता येतो म्हणतात. पुण्यात ऑक्टोबरात नऊ वाजता रस्ता तव्यासारखा होतो, म्हणून निघायची वेळ सव्वापाचवरून साडेचारवर आली. त्या वेळी रस्त्यावर फक्त दूधवाले आणि कुत्री असतात. कुत्र्यांना सकाळी धावणाऱ्या माणसाचा हेतू पटत नाही, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. कोजागरीच्या रात्री बारा वाजता आटीव दूध पिऊन साडेचारला हजर झालेल्या सहा जणांपैकी चौघं तिसऱ्या किलोमीटरला परत फिरली. चंद्र अजून तसाच वर होता.

लांब रनच्या मधल्या थांब्यावर सर इतिहास घेतात. चहाच्या टपरीवर, घामाने भिजलेल्या वर्गापुढे. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरच का, तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोरपर्यंत मोजलं ते भरलं २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ साली तेच अंतर कायम केलं. "म्हणजे एका घराच्या सोयीसाठी सगळं जग १९५ मीटर जास्त धावतंय," सीए म्हणाले. त्यांना हे अंतर वजावटीत बसवता येईल का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर होता.

पण सरांचा आवडता धडा वेगळा. "भारताचा ऑलिंपिकचा रस्ता आपल्या डेक्कन जिमखान्यावरून गेला," असं म्हणून ते चहाचा ग्लास खाली ठेवतात. पहिलं महायुद्ध संपल्यावरची गोष्ट. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष. तिथल्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावत होती. नियम ठाऊक नाहीत, बूट नाहीत, प्रशिक्षण नाही, आणि वेळा मात्र बाहेरच्या देशांतल्या धावपटूंच्या आसपास जाणाऱ्या. दोराबजींनी मनावर घेतलं, पैसे घातले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला धावपटू आणि दोन पैलवान असा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वेळी अंतर अजून कायम झालेलं नव्हतं. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकमधली सगळ्यात लांब. चौगुले २ तास ५० मिनिटांत आले. एकोणिसावे.

"एकोणिसावे!" सर हा आकडा सुवर्णपदकासारखा उच्चारतात.

यानंतर टपरीवर नेहमी थोडी शांतता पसरते आणि सगळे आयटीतल्या मुलाच्या बुटांकडे बघतात. एकदा तर त्याने पाय बाकाखाली घेतले.

दिवाळी आली तशी गेली. तिच्याबद्दल ग्रुपमध्ये फारसं बोललं जात नाही. एवढंच नोंदवायला हवं की भाऊबीजेनंतरच्या रविवारी कमरेचे पट्टे बसेनात, त्यांत पाण्याच्या बाटल्या अडकवायच्या असतात. डॉक्टरबाईंनी धीर दिला. शरीर पिठूळ पदार्थांतली साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यामुळे शर्यतीआधी वजन किलोभर वाढणं हे उलट चांगल्या तयारीचं लक्षण आहे. "आणि तीन किलो वाढलं असेल तर?" सीएंनी विचारलं. "मग तयारी फारच चांगली झाली," असं म्हणून त्यांनी चकलीचा डबा पुढे केला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पहाटेच्या अंधारात, सगळे सणस मैदानाबाहेर काकडत उभे होते. ऑक्टोबरात जी थंडी मागितली होती ती आता मिळाली होती आणि ती कोणालाच नको होती. फिरत्या शौचालयासमोरची रांग सुरुवातीच्या रेषेसमोरच्या गर्दीपेक्षा शिस्तीत होती. ताई आणि आयटीतला मुलगा पूर्ण मॅरेथॉनला, बाकीचे हाफला. सिंहगड रस्त्यावर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आयटीतल्या मुलाचं साठवलेलं ग्लायकोजेन संपलं. पाय त्याचेच होते, पण ऐकत कोणाचं नव्हते. ताईंनी ओढणीच्या गाठीतून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली. त्याच्या पट्ट्यात तीनशे रुपयांची जेल होती, ती त्याने तशीच घरी आणली.

सरांनी हाफ पूर्ण केली. सुरुवातीच्या गर्दीत रेषेपर्यंत पोहोचायलाच त्यांना साडेतीन मिनिटं लागली होती. त्यामुळे बंदुकीपासूनची वेळ धरायची की चिपची, यावर घरी जाईपर्यंत गाडीत वाद चालला. चिपची ठरली.

दार सरांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, उघडलं. हातात उलथनं होतं.

"आलात? कितवे आलात?"

"वयोगटात," सरांनी मेडल छातीवर नीट केलं, "एकोणिसावा."

बाईंनी मेडल उलटंसुलटं करून पाहिलं. गेली दोन वर्षं चहाच्या टेबलावर चौगुल्यांची गोष्ट ऐकत आल्याने त्यांना या आकड्याचं मोल माहीत होतं.

"अहो, पण धावले किती जण?"

सर बूट काढायला खाली वाकले. वाकले ते बराच वेळ नाडीच सोडवत राहिले.

"वीस," ते शेवटी म्हणाले. "पण विसावा साताऱ्याचा होता, आणि सातारकराला मागे टाकणं म्हणजे..."

"मोदक उरलेत कालचे," बाई आत जाता जाता म्हणाल्या. काल संकष्टी होती.