एम.ए. झालं, आता वकिली कायले?

"काहो मावशी, तुमचा नातू म्हने आता वकिलीले चालला? राज्यशास्त्रात एम.ए. झालं नं त्याचं?"

"झालं. नेट बी झाली. तासिकेवर शिकवते. सुटी लागली का पगार बंद."

"मंग हे नवं खूळ कायले? दोन डगरीवर पाय ठेवू नये मानसानं."

मावशीनं सुपातली तूर खाली ठेवली नं पऱ्हाटीच्या कुंपनापाशी सरकली. डोनगावात अशी गोष्ट सूप हातात धरून होत नाई.

"मी बी तेच म्हनलं. त ते बाबासायबायचं नाव सांगते. आपन घटना, घटना करतो, पन त्याच्या आधी ते मास्तरच व्हते नं! कोलंबियात शिकले, मंग लंडनले गेले. तेथची पढाई अर्धी राहिली, बडोद्याची स्कॉलरशिप सरली. 1918 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्रोफेसर लागले. इषय राजकीय अर्थशास्त्र. पगार साडेचारशे."

"तवाचे साडेचारशे? बाप्पा! बंगलाच असन."

"कायचा बंगला! परळच्या चाळीत राहत. पैसा साठवला नं 1920 मधी नोकरी सोडून लंडनले गेले. आन् त्या कॉलेजात काही प्रोफेसर म्हने, आमच्या माठातलं पानी यायनं पिऊ नये."

"प्रोफेसर असून?"

"प्रोफेसर असून! पोट्ट्यायले आधी वाटे, हा मानूस काय शिकवीन. मंग दुसऱ्या कॉलेजातले पोट्टे तासाले येऊन बसू लागले. 1922 ले बॅरिस्टर झाले, 1923 ले डी.एस्सी. वापस आले, त अशील कोठून येतीन? बाटलीबॉयच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत 1925 पासून तीन वर्सं व्यापारी कायदा शिकवला."

"बॅरिस्टर असून शिकवनी?"

"तवाचं तासिका तत्त्वच समज ते. 1928 ले सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ प्रोफेसर झाले, आन् 1935 ले तेथचेच प्राचार्य. पन कसं पाय, 27 मे ले रमाबाई गेल्या, 1 जूनपासून प्राचार्यपद."

"अवं माय! पाच दिवसात?"

"पाच दिवसात. आन् त्याच ऑक्टोबरात येवल्याले सांगतलं, हिंदू म्हनून मरनार नाई."

"सरकारी खुर्चीवर बसून!"

"1937 ले निवडून बी आले. 1938 ले खुर्ची सोडली."

"ते बाबासायब व्हते मावशी. आपल्या पोट्ट्याचं काय?"

"मी बी हेच इचारलं! त मले म्हने, आजी, 356 कलम घे. राज्यातलं सरकार बरखास्त झालं, कोनं केलं, कायले केलं, हे राज्यशास्त्र. ते बरोबर व्हतं का, हे 1994 ले बोम्मईच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं पाहिलं, म्हने सभागृहात बहुमत मोजा, राज्यपालाच्या बंगल्यावर नोका मोजू. हा कायदा. एकच कलम, पन आमच्या पुस्तकात अर्धं, त्यायच्या पुस्तकात अर्धं. आन् पाच वर्साच्या बी.ए. एलएल.बी.ले राज्यशास्त्र असतेच. तेथं दोन्ही येनारा मास्तर लागीन नं."

"लागीन. पन जागा निंगन तवा."

"हे मातर खरं बोलली तू. जागेचं कोनी सांगत नाई."

"अन् तवरक तीन वर्सं फी?"

"शेताचं पाहू. औंदा तुरीले भाव भेटला त."

"मावशी, खरं सांगू का? माह्या भावाची पोरगी हाये नं, मेहकरची. त्यायनं मले मुद्दाम इचाराले लावलं. पोरगा काय करते म्हनून सांगू? मास्तर का वकील?"

"अवं, आधीच सांगाचं व्हतं नं! मी येथं कवाची घटना सांगत बसली. दोन्ही सांग."

"आन् पगार इचारला त?"

"त 356 कलम सांगजो."