चालतंय की!

बेळगाव-निपाणी भागातल्या मराठीत ‘चालतंय की’ हे दोन शब्द इतकी कामं करतात, की त्यांना ओव्हरटाइम द्यायला हवा. चहात साखर कमी पडली तरी चालतंय की, संकेश्वरची बस चुकली तरी चालतंय की. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मात्र या शब्दांनी मोठा घोटाळा करून ठेवलाय. प्रोजेक्टच्या टेबलावर वायरींचा गुंता, ग्लू गनचे ओघळ, वेल्डिंगचे फोड आणि ते झाकायला आदल्या रात्री फासलेला चंदेरी रंग, असा ऐवज मांडलेला असतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘हे असं का दिसतंय?’ म्हणून विचारलं, की गटातला त्यातल्या त्यात धीट मुलगा सांगतो, ‘सर, चालतंय की!’ यंत्र सुरू आहे आणि एवढं खपवून घ्या, असे दोन्ही अर्थ त्यात एका दमात येतात. माझं म्हणणं असं, की दुसऱ्या अर्थाची सवय लागली की पहिला फार दिवस टिकत नाही. हाताने केलेल्या वस्तूचा ओबडधोबडपणा बहुतेक वेळा अर्धवट विचाराचा असतो, आणि नक्षी म्हणजे पोहे झाल्यावर वरून भुरभुरायची कोथिंबीर नव्हे. ती फोडणीतच पडावी लागते.

याचा पुरावा कॉलेजच्याच मशीन शॉपमध्ये पडलेला आहे. लेथवरच्या जॉबमध्ये टेपर असतो, आटे असतात आणि थोडं नर्लिंगही असतं. दातेरी चाकं फिरत्या लोखंडावर दाबली, की शंकरपाळ्या कातल्यासारखी नक्षी उमटते. पोरं ती मार्कांसाठी काढतात, जर्नलमध्ये लिहितात आणि विसरतात. खरं तर तेलकट हातातून मूठ निसटू नये म्हणून ती असते. आता त्या मुठीवरची कला कुठे संपते आणि उपयोग कुठे सुरू होतो, हे कानशीने घासून दाखवा पाहू! नक्षी घासली तर पकडही जाईल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ओतलेल्या भागांचं तेच. आतले कोपरे गोल ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि धातू थंड होताना तिथेच तडकतो. ती गोलाई बघून कुणी ‘वा’ करत नाही हे खरं. पण काटकोन ठेवला, तर कास्टिंग ‘आ’ करतं.

पण या विषयातला खरा प्राध्यापक आपल्या पायात असतो आणि देवळाबाहेर ठेवला तर चोरीला जातो. कोल्हापुरी चपलेचं नाव कोल्हापूरचं असलं, तरी ती निपाणी-अथणी पट्ट्यातही पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. तिचा कापशी हा नामांकित प्रकार ज्या गावावरून ओळखला जातो, ते कापशी कागल तालुक्यातलं, निपाणीच्या शेजारचं. एक जोड हातात घेऊन बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले; जुन्या पद्धतीत खिळा नाही. तळाच्या दोन्ही बाजूंना पातळ कान, पट्टा त्यांना शिवलेला. कान दिसायला नखरेल, पण पाऊल बाजूला सरकू न देण्याचं काम त्यांचंच. वर बारीक वाद्यांची वेणी. ती शोभेची म्हणावी, तर एक वादी तुटली तरी बाकीच्या पट्टा धरून ठेवतात. आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघांपैकी एकच वादी काम करते, हा फरक. आणि करकर! मुद्दाम वाजणारी चप्पल हा मिरवण्याचा प्रकार वाटतो, पण अंधारात बांधावरून जाताना साप बाजूला व्हावा म्हणून ती वाजती ठेवतात असं जुने लोक सांगतात. सापाने या विषयावर मत दिलेलं नाही, तरी मिरवणं आणि सुरक्षा एकाच तळात शिवणारा कारागीर मला डिझाइनच्या पुस्तकापेक्षा जास्त पटतो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन आयोगाला जी वाटणी दोन्ही राज्यांच्या गळी उतरवता आली नाही, ती चपलेने पायाखालून करून टाकली. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये अशाच चपला चालवल्या, आधी कोल्हापूरचं नाव न घेता. म्हणजे इटलीपर्यंत चालतंय की.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो : आम्ही इंजिनिअर, कला हे आमचं काम नाही. हे बेळगावात बसून म्हणायला धाडस लागतं. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढे व्हीजेटीआयमध्ये ते शिकवलंसुद्धा. कुणी म्हणेल, बघा, कला सोडली तेव्हाच कारखाना झाला. सोडले ते रंग. रेघ सोडली नाही. १८८८ पासून गणल्या जाणाऱ्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून १९०३ चा लोखंडी नांगर निघाला, तो त्या रेघेवरून. अर्थात, नांगर चांगला आहे एवढ्याने तो खपला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पुढे १९१० मध्ये लक्ष्मणरावांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली ती औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आणि हे राजेसाहेबही चित्रकार. कारखान्याच्या मालाची खबर द्यायला १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगराच्या जाहिरातीपोटी मराठी साहित्याचं पीक आलं, आणि आपल्याला प्रोजेक्टची एक वायर सरळ बांधायची म्हटली तर ती ‘आउट ऑफ सिलॅबस’.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. कडा कानशीने मोडायला काय खर्च येतो? वायरी एका बाजूने नेऊन बांधायला कुठला निधी मंजूर करून घ्यावा लागतो? शिवाय वायरी नीट बांधलेल्या असल्या, की ऐन व्हायवात सुटलेली वायर सापडते तरी. मार्कांच्या तक्त्यात सौंदर्याचा रकाना नाही हे कबूल; पण एका दुपारी किती मॉडेलं उघडून बघणार परीक्षक? दिसतं त्यावरूनच ते आतल्या कामाचा अंदाज बांधतात.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे : देखणं असूनही निकामी असू शकतं. थर्माकोलचं धरण, त्यात निळे दिवे, वर सोनेरी अक्षरात चौघांची नावं आणि पाण्याचा थेंब नाही, अशी प्रोजेक्टं होतात. त्यांना मी ‘चालतंय’सुद्धा म्हणणार नाही. तिथे नक्षी फोडणीत नसते आणि कढईत पोहेही नसतात.

तेव्हा यंदाच्या बॅचने प्रोजेक्टचा विषय ठरवण्याआधी घरातली जुनी कोल्हापुरी उलटी करून तिचा तळ बघावा. फक्त ती घालून वर्कशॉपमध्ये शिरू नये. तिथे बूट सक्तीचे आहेत, आणि ते बरोबर आहे.