तेलीबांध्याला लागलेली गाडी

जड यंत्रांच्या वाहतुकीत गाडीमालक, चालक आणि गिऱ्हाईक यांच्याखेरीज एक चौथा मनुष्य असतो, ज्याच्या नावावर एकही गाडी नसते आणि ज्याच्यावाचून एकही गाडी हलत नाही. रायपूरच्या मराठी कंत्राटदारांत वावरणाऱ्या या मध्यस्थाला येथे नुसते 'भाऊ' म्हटले आहे, आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी पोकलेन हलवले आहे त्याला भाऊची अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. (पोकलेन हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव, भारतात ते पट्ट्यांवर चालणाऱ्या कोणत्याही खोदयंत्राला चिकटले, आणि मूळ कंपनीला कोणी विचारले नाही.)

भाऊचे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे त्याचे एकमेव विधान : "गाडी तेलीबांध्याला लागली आहे." नागपूरहून येणारा ट्रेलर प्रथम रायपूरच्या पश्चिम टोकाला, टाटीबंधला पोचतो, तेथून रिंग रोड क्रमांक 1 ने शहराला वळसा घालून पूर्वेकडच्या तेलीबांधा चौकात, तळ्याजवळ, पुन्हा जी. ई. रोडला, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोडला मिळतो आणि मंदिर हसौदकडे निघतो. भूगोल एवढाच आहे. भाऊच्या शास्त्रात मात्र तेलीबांधा हे स्थळ नसून कालमापनाचे एकक आहे. ट्रेलर देवरीच्या ढाब्यावर झोपलेला असो, राजनांदगावला त्याचे चाक उतरवलेले असो किंवा भिलाईत तो भलत्याच माणसाचा माल उतरवत असो, तो तेलीबांध्यालाच असतो. आणि गिऱ्हाईक स्वतः चौकात उभे राहून फोन करू लागले, तर त्याने टाटीबंधऐवजी तेलीबांधा ऐकले, हा दोष त्याच्या कानांचा ठरतो. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत छत्तीसगडात उतरला, तेव्हा त्याच्या तोफांच्या बैलांचा मुकादम याच घराण्यातला असावा, असे मानण्यास पुरावा नाही. मोह मात्र आवरत नाही.

या विधानाला आर्थिक पाया आहे, हे गिऱ्हाईक विसरते. यंत्र लोबेडवर, म्हणजे ज्याचा फलाट जमिनीलगत ठेवलेला असतो अशा ट्रेलरवर न्यावे लागते, आणि असा ट्रेलर रिकामा परतला तर डिझेलचा भुर्दंड मालकाला बसतो; म्हणून भाऊ 'रिटर्न'ची गाडी शोधतो, जी दुसऱ्या कोणाचे यंत्र टाकून परतत असते, आणि तिचे भाडे कमी पडते. कमी भाडे गिऱ्हाइकाला हवे असते, परंतु ते दुसरे यंत्र उतरेपर्यंत थांबण्याची तयारी नसते, आणि या दोन इच्छांमधली पोकळी भाऊला तेलीबांध्याने भरून काढावी लागते.

कायद्यानेही त्याचीच बाजू घेतली आहे. वाहनाच्या रुंदीची मर्यादा 2.6 मीटर असून मोठे पोकलेन तिच्यात मावत नाही, तेव्हा तो माल 'ओडीसी', म्हणजे ठरीव मापांबाहेरचा, होतो. मग साध्या मालाच्या ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन परवान्याला, दर 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळत असताना ओडीसीला दर 20 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. नागपूर ते रायपूर अंतर सुमारे 290 किलोमीटर, म्हणजे पंधरा दिवस. ज्या रस्त्याला सरकार पंधरवडा देते त्यावर भाऊने चार दिवस उशीर केला, तर त्याला उशीर म्हणावे काय, हा प्रश्न तो स्वतः फार गंभीरपणे विचारतो.

एकदा गाडी खरोखरच तेलीबांध्याला लागली. भाऊने तसे कळवले. ती मागवणाऱ्या खडी-क्रशरच्या मालकाने "हो, हो" म्हणून फोन ठेवला, फाटकाला कुलूप घातले आणि तो घरी जाऊन झोपला. त्या रात्री वीस टनांचे यंत्र साखळदंडांनी जखडलेल्या अवस्थेत चौकापलीकडे रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि ट्रेलरच्या टपाजवळ बांबू मांडीवर घेऊन भाऊ बसला होता, हे मालकाला सकाळी चहावाल्याकडून कळले. हा बांबू शेंड्याला बेचक्याचा असतो. गाडी वस्तीतून जाताना खाली लोंबणाऱ्या तारा त्याने उचलून धराव्या लागतात. हे काम क्लीनरचे. क्लीनर राजनांदगावलाच पळाला होता, म्हणून टाटीबंधपासून प्रत्येक तार भाऊने स्वतः उचलली होती, आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, या कामासाठी रकाना नसतो. ओरडण्याची तयारी करून आलेल्या मालकाने चहाचे पैसे दिले. भाड्यातून मात्र दोन हजार कापलेच.

आता ट्रेलरला जीपीएस बसले आहे. धमतरीकडे जाणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या आगगाडीचे तेलीबांध्यातले रूळ उखडून त्या जागी एक्स्प्रेस-वे झाला, तशीच भाऊच्या विधानाचीही जागा गेली, असे तरुण कंत्राटदार म्हणतात. गाडीचा निळा ठिपका मोबाइलवर दिसतो, आणि त्याला थाप मारता येत नाही. परवा क्रशरच्या त्याच मालकाने ठिपका दुपारभर राजनांदगावला गोठलेला पाहिला, आणि तरीही भाऊला फोन लावला.

"गाडी तेलीबांध्याला लागली आहे, साहेब."

मालकाने मोबाइल खिशात टाकला आणि पोराला फाटक उघडे ठेवायला सांगितले.