सातनंतरची मीटिंग

अहो वहिनी, ते कपडे राहू देत घटकाभर. आधी मला सांगा, काल कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या मुलीबद्दल कोण काय बोललं? रात्री साडेअकराला गाडीतून उतरली, हेच ना? हातात फुलांचा गुच्छही होता म्हणे! होता. कुणीतरी जपानला परत चाललं होतं, त्याच्या निरोपाची पार्टी होती. गुच्छ द्यायचा राहिला आणि हिच्या गळ्यात पडला. आता सोसायटीनं त्यावर लग्नसुद्धा ठरवून टाकलं असेल.

ती मुलगी चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुली पेठेपेठेत सापडतात, त्यातलीच ही. परवा तिच्या आईकडे लोणचं द्यायला गेले तर ही समोर बसलेली, डोळे तारवटलेले. म्हटलं, काय गं, झोप नाही का झाली? तर म्हणाली, काकू, कालची मीटिंग अकरापर्यंत चालली. कुठे? तर बाणेरच्या एका हॉटेलात.

त्याला ते लोक नोमिकाई म्हणतात. ऑफिस सुटलं की सगळ्यांनी मिळून प्यायला बसायचं. आपल्याकडे ‘आज बसायचं का?’ म्हणतात ना, तसंच, फक्त शिस्तीत. शिस्त म्हणजे किती? आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजारच्याचा भरायचा. बाटली दोन्ही हातांनी धरायची. साहेबाचा ग्लास अर्ध्यावर आला की उठायचं. कागदोपत्री हे धाकट्यांचं काम, पण टेबलावर एकच मुलगी असली की सगळ्यांच्या नजरा आपोआप तिच्याकडे वळतात. ही स्वतः संत्र्याचा रस पिते आणि अकरा जणांना बिअर वाढते. एम.ए. झालेली मुलगी, वहिनी!

वर गंमत अशी की दुभाषी म्हणूनच तिला नेतात. म्हणजे भाषांतर करायचं, विनोद झाला तर तोही दोन्हीकडे पोचवायचा, आणि विनोद घाणेरडा असेल तर तो गाळून दुसरा काहीतरी सांगायचा. हे काम नाही तर काय? पण ड्यूटी असली तर कंपनीची गाडी, पार्टीला गेली तर स्वतःच्या पैशानं बोलावलेली कॅब. आपल्या राज्याचा 2017 चा दुकानं-आस्थापनांचा कायदा आहे ना, त्यात लिहिलंय की रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती घ्या आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय करा. पार्टीला हा हिशोब लागत नाही. पार्टी म्हणजे ‘मजा’!

मी म्हटलं, मग जाऊ नकोस. तिनं जे सांगितलं ना, ते ऐका. दिवसाच्या मीटिंगमध्ये साहेब फक्त ‘विचार करतो’ म्हणतात. तेवढंच ती मराठीत सांगते आणि सगळे उठतात. खरं काय ते दुसऱ्या ग्लासाला बाहेर येतं. कुठली लाइन बंद करायची, कुणाचं काम आवडलं, जपानात नागोयाला कुणाला पाठवायचं. दुसऱ्या दिवशी मीटिंग होते ती फक्त माना डोलवायला. न गेलेल्याला वाटतं, अरे, हे ठरलं कधी?

आणि हे नुसतं नोमिकाईवर भागत नाही. पहिली बैठक झाली की दुसरी. तिला निजिकाई म्हणतात. तिथे कराओके. अकरा वाजता साहेब अगदी प्रेमानं म्हणतात, तुला उशीर होतोय, तू नीघ. ही निघते. हिच्या बरोबरीचा एक इंजिनिअर आहे, जपानीत धड चार वाक्यं येत नाहीत त्याला, पण तो थांबतो आणि गळा काढून गातो. नागोयाचं वर्षभराचं काम निघालं तेव्हा तो गेला. हिनं विचारलं, माझं नाव का नाही? तर उत्तर काय मिळालं असेल? ‘मुलीला परदेशात एकटीला त्रास होईल, घरचे काळजी करतील, म्हणून आम्हीच विचारलं नाही.’ तिच्या आईला विचारलं होतं का हो कुणी? ती माउली बॅग भरायला बसली असती!

मला तर दारू पाजणाऱ्यापेक्षा हा काळजीवाला साहेब जास्त नडतो. दारू नको म्हणता येते. काळजीला काय म्हणायचं?

आता तुम्ही म्हणाल, जपान्यांचं सोडा, ते आहेतच तसे. जागतिक आर्थिक मंचाची 2024 ची यादी आहे, स्त्री-पुरुष समानतेची. 146 देशांत जपान 118 वा. आणि आपण? 129 वे. तेव्हा हसायचं कुणी कुणाला?

आमच्या बँकेत काय होतं? नाव नाही घेत, मी पेन्शन घेते तिथून. साडेपाचला शटर अर्धं खाली यायचं, आम्ही बायका पर्स उचलून पीएमटीच्या रांगेत. मागे चार-पाच जण रमीला बसायचे, आणि महिन्यातून एकदा मॅनेजरसाहेबांना घेऊन कॅम्पात. कुणाची बदली होणार, ऑफिसरच्या परीक्षेला कोण बसणार, कुणाचा रिपोर्ट चांगला जाणार, सगळं त्या पत्त्यांवर. आम्हाला कळायचं शिपायाकडून, तेही त्याचा मूड असेल तर. आणि वर टोमणा, ‘तुम्हाला काय बुवा, घरी जायची घाई!’ घाई होतीच. घरी कुकर कोण लावणार होतं, रमीवाले?

ती घाई अजून तशीच आहे, बरं का. सरकारनं 2024 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात घालवते. म्हणजे जवळपास पावणेपाच तास. आणि पुरुष? घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88 मिनिटं. जे मुळात करतच नाहीत ते या हिशोबात नाहीतच. मग सातनंतर टेबलावर कोण उरणार, तुम्हीच सांगा.

आणि आपण बायकांनी जमवलेलं सगळं गोड होतं असंही नाही. संक्रांतीला जेवणाच्या सुट्टीत आमचं हळदीकुंकू असायचं. एक जण होती, नवरा गेल्यावर त्याच्या जागी नोकरीला लागलेली, ती त्या दिवशी मुद्दाम कॅशच्या पिंजऱ्यातून उठायची नाही. कुणी तिला येऊ नको म्हटलं नव्हतं. पण ये असंही नव्हतं म्हटलं. बाजूला ठेवायला दारूच लागते असं थोडंच आहे?

माझी भाची अर्थशास्त्र शिकवते, तिनं एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. दोन अर्थशास्त्रज्ञांनी आशियातल्या एका मोठ्या बँकेच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या. पुरुषाच्या हाताखाली पुरुष आला की त्याला बढती लवकर मिळते, बाईला मात्र साहेब पुरुष असो की बाई, फरक पडत नाही. बरं, त्या पुरुषांचं काम वाढलेलं होतं का? नाही. मग काय होतं? साहेबाबरोबरची ऊठबस. साहेब सिगारेट ओढणारा आणि हाताखालचाही ओढणारा, म्हणजे दोघं दिवसातून चारदा खाली. त्यांची बढती आणखी लवकर! आपल्या हिंजवडीच्या टपऱ्यांवर जाऊन बघा, कटिंग आणि सुट्टा. तिथे बीडीचा धूर कमी आणि प्रमोशनचा जास्त.

सुधा मूर्तींची गोष्ट ठाऊक असेल तुम्हाला. 1974 साली टेल्कोची जाहिरात, इंजिनिअर हवेत, स्त्रियांनी अर्ज करू नये. त्यांनी सरळ जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि नोकरी मिळवली. पुढे एकदा ऑफिस सुटल्यावर त्या नवऱ्याची वाट बघत उभ्या होत्या, अंधार पडायला लागला, तर जेआरडी स्वतः त्यांच्याबरोबर थांबले, मूर्ती येईपर्यंत. मोठा माणूस, यात शंका नाही. पण मी म्हणते, तेव्हा निदान नकार छापलेला तरी होता. आता कुणी छापत नाही. जाहिरातीत ‘महिलांना प्राधान्य’, आणि ठरवाठरवी कराओकेत. पोस्टकार्ड कुणाला लिहायचं? आणि वर पोचायला बाईला किती वेळ लागतो बघा. स्टेट बँक 1955 ची, तिला पहिली बाई अध्यक्ष मिळायला 2013 उजाडलं. अरुंधती भट्टाचार्य.

त्याच 2013 साली लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही आला. त्यात कामानिमित्त जिथे जाल ती जागा कामाचीच धरलीय, मालकानं दिलेली गाडीसुद्धा. म्हणजे लोणावळ्याच्या रिसॉर्टवर ऑफिसनं नेलं तर ‘ती तर पार्टी होती’ म्हणून हात झटकता येत नाहीत. हे फार चांगलं झालं. पण काही महाभागांनी त्यातून काय काढलं? बायकांना बोलावूच नका, उगाच भानगड नको! कायदा आला अंगावर पडणाऱ्या हातासाठी, आणि यांनी दारच लावून घेतलं.

काय म्हणालात? मग मुलींनी प्यायला शिकावं का? ज्यांना प्यायची त्या पितील, तो प्रश्न माझा नाही आणि सोसायटीचाही नाही. पार्ट्या बंद करा असंही मी म्हणत नाही. माणसं एकत्र हसली तर बिघडलं कुठे? फक्त तिथे कुणाची बढती ठरू नये, कुणाचा नागोया ठरू नये. ठरवायचं ते दिवसा, सगळ्यांसमोर, कागदावर. आणि दुभाषीला रात्री नेलंत तर तिचे ओव्हरटाइमचे पैसे द्या की!

तुमचा मुलगा आता मॅनेजर झालाय ना? हसू नका, त्याला सांगा. टीमला जेवायला घालायचं तर दुपारी एकला घाल, म्हणावं. दौऱ्याला कुणाला पाठवायचं ते मुलीला विचारून ठरव, तिच्या वतीनं काळजी करत बसू नकोस. सुट्ट्याला खाली जाशील तेव्हा ऑफिसचं बोलू नकोस, क्रिकेटचं बोल.

आणि हो, शुक्रवारी त्याला सहाला घरी यायला सांगा. सूनबाई मघाशी मला सांगत होती, तिच्या ऑफिसची पार्टी आहे, तिला यंदा टीम लीड करतील असं चाललंय. नातवाला पाळणाघरातून आणायचं, त्याचं दूध, रात्रीचा वरणभात, सगळं त्यानं बघायचं. तुम्ही मध्ये पडू नका हं वहिनी, तुम्ही माझ्याकडे या, मी भडंग केलंय.